न ऐकलेली चौथी घंटा

अल्बन थर्लो वारल्याची बातमी आयव्ही केरिजला कुणी घरी येऊन सांगितली नाही. ती रेडिओनं सांगितली, शाळेच्या स्वयंपाकघरात, बटाटे उकळत असताना. कवी अल्बन थर्लो यांचं लंडन इथं निधन झालं, असं त्या माणसानं सांगितलं आणि श्वासही न घेता तो हवामानाकडे वळला. आयव्हीनं बटाटे उतरवले, पाणी काढलं, लोणी घालून ठेचले आणि पोरांना वाढले. मीठ घालायचं तेवढं राहिलं. त्या दिवशी क्रॅटनहॅमच्या पोरांनी अळणी बटाटे खाल्ले आणि शाळेच्या जेवणाबद्दल त्यांचं जे मत आधीपासून होतं ते आणखी पक्कं झालं.

संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळलं. गावाला अल्बनचा अभिमान होता. म्हणजे त्याच्या कविता फारशा कुणी वाचल्या होत्या असं नाही, पण प्लाऊ पबमध्ये त्याचा फोटो होता. राणी आणि बोरेटांचं बक्षीस मिळवलेलं डुक्कर, या दोघांच्या मधोमध. राणीपेक्षा जरा खाली आणि डुकरापेक्षा जरा वर. एवढा मान गावानं आजवर दुसऱ्या कुणाला दिलेला नव्हता.

मग पाद्रीसाहेबांना लंडनहून फोन आला. अल्बनच्या पत्नी थर्लोबाई म्हणाल्या की अस्थी गावात, आईच्या कबरीशेजारीच ठेवायच्या, तशी अल्बनचीच इच्छा होती. शनिवारी दुपारी. लंडनची माणसं येतील, पुस्तकवाले, कॉलेजवाले. आणि पाद्रीसाहेबांनी न विचारताच गावानं ठरवून टाकलं की घंटा वाजणार. अल्बन कवी असेल तर लंडनला असेल. क्रॅटनहॅममध्ये तो पाचव्या दोराचा माणूस होता.

क्रॅटनहॅमच्या मनोऱ्यात सहा घंटा आहेत. पहिली सगळ्यांत लहान, चिमणीच्या आवाजाची. सहावी सगळ्यांत जड, तिला सगळे 'म्हातारी' म्हणतात. सहा दोर खालच्या खोलीत गोल सुटलेले आणि प्रत्येक दोराला एक माणूस. त्यातला कुणी गेला की त्याच्यासाठी घंटा अर्ध्या मुक्या करून वाजवायच्या, अशी रीत आहे. घंटेच्या आतल्या लोखंडी लोळ्याला एका अंगानं चामड्याची गादी बांधतात. दोर आळीपाळीनं दोन प्रकारे ओढला जातो, एकदा लोकरीच्या रंगीत मुठीला धरून, एकदा खालच्या शेपटाला धरून. मुठीच्या ओढीला घंटा मोकळी वाजते. शेपटाच्या ओढीला गादी आडवी येते आणि तोच आवाज शेजारच्या गावातून आल्यासारखा, विझत विझत येतो. एकदा घंटा आणि एकदा तिची आठवण. ज्यांना धर्मकर्माचं काही नाही ते लोकही त्या आवाजाला दारात येऊन उभे राहतात.

गुरुवारी सरावाला सगळे जमले तेव्हा स्टॅनली बोरेटनं विषय काढला. स्टॅनली लोहार, घंटावाल्यांचा कप्तान, देहानं दाराएवढा. बोलायचा असा, की प्रत्येक शब्द त्याला भट्टीतून काढून ठोकून द्यावा लागतो आहे.

"आयव्हे, शनिवारी चौथी पर्सीच्या जिलियनला देतो मी. पहिलीला दुसरं कुणी बघू."

"का?"

"तुझा खांदा गेलाय. मागच्या रविवारी दोनदा मागं पडलीस."

"एकदा."

"दोनदा. मी तुझ्या मागनंच वाजवतो, मला कळतं."

"हे बघ स्टॅन, रविवारपासून चौथी जिलियनला दे, नाहीतर तुझ्या बहिणीला, मॉडला दे. शनिवारी मी वाजवणार."

"मॉडच्या हाती दोर दिला तर तिच्या बडबडीत घंटा कुणाला ऐकू जायच्या?" पर्सी लेगेट म्हणाला, आणि कुणी हसलं नाही तेव्हा स्वतःच हसला.

"लंडनची माणसं येणारेत," स्टॅनली म्हणाला. "काही चुकलं तर गावाची शोभा होईल."

"होऊ दे की. आणि माझ्या घंटेला गादी मी स्वतः बांधणार."

आता मात्र सगळेच तिच्याकडे बघायला लागले. गाद्या बांधायचं काम पर्सीचं. वर घंटांपर्यंत जायचं तर खोलीतून एक उभी शिडी, मग कबुतरांच्या घाणीतून रांगत जायचं.

"त्या शिडीवर चढणार तू?" पर्सी म्हणाला. "अगं, ती मला पेलताना कुरकुरते."

"तुला बघून आम्ही सगळेच कुरकुरतो," आयव्ही म्हणाली. "तू बाकीच्या पाच बांध. चौथी माझी."

स्टॅनलीनं तिच्या खांद्याकडे बघितलं. मग "बरं," एवढंच म्हणाला. स्टॅनली बोरेटनं घंटांच्या बाबतीत कुणाचं ऐकलं, असं त्या खोलीत पहिल्यांदाच घडत होतं. पण आयव्हीचं तिकडे लक्षच नव्हतं.

चौथी घंटा आधी तिच्या भावाची, नेडची. नेड आणि अल्बन एका वर्गातले, एकाच वेळी दोराला लागलेले. नेड चौथीला, अल्बन पाचवीला. अल्बनच्या आईचं टपाल-दुकान होतं. पोरगा हुशार निघाला, शिष्यवृत्तीवर शिकून लंडनला मास्तर झाला, मासिकांत कविता छापून यायला लागल्या. तरी सुट्टीत आला की आधी मनोऱ्यात जायचा आणि मग घरी. आयव्ही तेव्हा धाकटी, खालून वर बघणारी. बायकांनी दोराला हात लावायचा नाही, हे कुठं लिहिलेलं नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं.

मग लढाई आली आणि सरकारनं देशभरातल्या घंटा बंद केल्या. शत्रू उतरला तरच वाजवायच्या, एरवी नाही. लग्नाला नाही, मयताला नाही, नाताळलासुद्धा नाही. रविवारची सकाळ अशी भुंडी झाली की कोंबड्यांनाही चुकल्यासारखं वाटत असेल. नेड पलटणीबरोबर सिंगापूरला गेला. गावात उरले म्हातारे आणि ज्यांच्यावाचून शेती अडते असे लोक, म्हणजे स्टॅनलीसारखे.

त्याच हिवाळ्यात अल्बन गावात आला. छातीत पाणी झालं होतं, लष्करानं बरा होईपर्यंत घरी पाठवलं होतं. तो मनोऱ्यात गेला आणि खाली येऊन म्हाताऱ्या बोरेटना, म्हणजे स्टॅनलीच्या वडिलांना, म्हणाला, "बाबा, दोर उंदरांनी खायच्या आधी हलवायला हवेत. लोळे बांधून ठेवू, आवाज होणार नाही. सरकारनं आवाज बंद केलाय, दोर नाही."

म्हाताऱ्यांना ते पटलं. पण माणसं पाचच भरत होती. चौथी रिकामी.

"आयव्हीला घ्या," अल्बन म्हणाला.

"बाईमाणूस?" म्हातारे बोरेट म्हणाले.

"आवाजच होणार नाहीये बाबा. कुणाला कळणार?"

अशी आयव्ही केरिज घंटा वाजवायला शिकली, मुक्या घंटेवर. शनिवारी दुपारी सहा माणसं गोल उभी राहायची आणि दोर वर जायचे, खाली यायचे. नुसता लाकडाचा करकर आवाज, दोरांची सळसळ आणि माणसांचे श्वास. एरवी घंटावाला कानांवर चालतो. आवाजच नाही म्हटल्यावर फक्त डोळे उरले. ज्याच्या मागून आपली पाळी, त्याच्या हातांकडे बघायचं. त्याचे हात खाली यायला लागले की आपला दोर ओढायचा. चौथीच्या मागून पाचवी. म्हणून तो सगळा हिवाळा अल्बन थर्लो आयव्ही केरिजच्या हातांकडे बघत राहिला.

आयव्हीकडे त्याआधी असं कुणी बघितलं नव्हतं. ती काही दिसायला वाईट नव्हती, पण आई आजारी, बाप पिणारा, भाऊ लढाईवर, अशा घरातल्या मुलीकडे लोक काम सांगण्यापुरतंच बघतात. तिला माहीत होतं की पाचव्यानं चौथ्याच्या हातांकडे बघायचंच असतं, त्यात विशेष काही नाही. तरी शुक्रवारी रात्री ती हातांना चरबी चोळून झोपायची. हे तिनं आयुष्यात कुणाला सांगितलं नाही. तिला ते सांगण्यासारखं वाटलं नाही आणि विसरण्यासारखंही वाटलं नाही.

एकदा लोळे सुटले आहेत का बघायला अल्बन तिला वर घेऊन गेला होता. दिवसाउजेडी, आणि खाली चार जण शिडीजवळ उभे, तेव्हा वाटतं तसं काही नाही. वर थंडी मरणाची. तिच्या घंटेवर हात ठेवून तो म्हणाला, "हे बघ, मी मेलो की गादी इथं बांधायची. खिडकीकडच्या अंगाला. विसरशील?"

"मरायला कशाला हवंय?" ती म्हणाली.

"कधीतरी मरावंच लागतं. कवींना जरा लवकर." मग तो हसला आणि खोकला. "आयव्ही, गंमत बघ. सगळा हिवाळा तुझ्या मागनं वाजवतोय आणि तुझी घंटा मी ऐकलीच नाही. नेडची ऐकलीय. तुझी नाही. बंदी उठू दे. मी जिथं असेन तिथनं येईन ऐकायला."

"ये," आयव्ही म्हणाली. एवढंच तिला सुचलं. त्यावर पुढं किती चांगली उत्तरं तिला सुचली, पण ती बटाटे सोलताना.

झाडांना पालवी फुटायच्या आत लष्करानं त्याला परत बोलावलं. पाचवी रिकामी झाली, आणि तेव्हा एक विचित्र गोष्ट घडली. स्टॅनलीनं म्हातारी सोडली आणि पाचवी घेतली. सर्वांत जड घंटा म्हणजे गावातल्या सगळ्यांत ताकदवान माणसाचा मान. ती कुणी आपणहून सोडत नाही. बापानं त्याच्याशी कितीतरी दिवस अबोला धरला. लोकांनी विचारलं तर तो म्हणायचा, पाठ दुखते. आणि दुसऱ्या दिवशी गाडीचा आस एकट्यानं उचलायचा. आयव्हीला त्याचं फारसं काही वाटलं नाही. पाचव्या दोराला कुणीतरी आहे आणि तो दोर नुसता लोंबकळत नाही, यातच तिला बरं वाटलं.

बंदी उठली ती पुढच्या वर्षी, ईस्टरच्या सुमाराला. लोळे सोडले, आयव्हीनं मूठ ओढली आणि डोक्यावरून तिची घंटा पहिल्यांदा बोलली. जराशी खर्जातली, जराशी नाकात बोलणारी. ती वाजवत राहिली आणि रडत राहिली, दोन्ही हात गुंतलेले म्हणून डोळे पुसता आले नाहीत. नेडची काही खबर नव्हती. तो जपान्यांच्या कैदेत, छावणीतच गेला हे फार नंतर कळलं. अल्बन उत्तर आफ्रिकेत होता. गावातले लोक रस्त्यात उभे राहून ऐकत होते. एक तोच नव्हता.

लढाई संपता संपता त्याचं पुस्तक आलं आणि तो रेडिओवर कविता वाचायला लागला. त्यातली जी सगळ्यांत गाजली ती मुक्या घंटांवरची. गावानं ती दुकानातल्या रेडिओपाशी जमून ऐकली. "वाजतच नाही त्या घंटेवर एवढं काय बोलायचं?" असं पर्सीची आई म्हणाली, आणि बऱ्याच जणांचं तेच मत पडलं. आयव्ही साखरेच्या पोत्याला टेकून उभी होती. कवितेच्या शेवटी तो म्हणत होता, जी माझ्या आधी वाजली ती मी कधी ऐकलीच नाही.

पुढं या ओळीवर कॉलेजातल्या लोकांनी बरंच लिहिलं. एक प्राध्यापक गावातही येऊन गेला. ही आधी वाजलेली घंटा म्हणजे देव असावा की लढाईत मेलेले मित्र, असं त्यानं आयव्हीला विचारलं, कारण ती चर्चजवळ राहायची. आयव्हीनं त्याला चहा दिला, केक दिला आणि म्हणाली, "देवच असेल हो. बसा ना." तिला स्वतःला तरी कुठं खात्री होती? नेडची घंटा त्यानं ऐकली होती, म्हणजे नेड नाही. इथपर्यंत ती यायची. त्यापुढचं पाऊल टाकायचा धीर तिला कधीच झाला नाही. रिकाम्या घरात बसून बाईनं असा हिशोब पुरा करू नये, असं तिला वाटायचं.

आणि तो येत नव्हता. नाताळला शुभेच्छा यायच्या, आधी एका नावाच्या, मग दोन नावांच्या. पुढच्या वसंतात येतो, असं दर खेपेला. ती दर रविवारी वाजवायची आणि वाजवताना तिला वाटायचं, आज आला असेल, आज खाली फाटकाशी उभा असेल. घंटा थांबल्यावर ती सगळ्यांच्या आधी जिना उतरायची. फाटकाशी सायकली असायच्या.

एकदा मात्र तो खरंच आला. पंचावन्न साली, शाळेत बक्षिसं वाटायला, बायकोला घेऊन. आणि नशीब असं, की त्याच महिन्यात मनोऱ्याची जुनी लाकडं किडली म्हणून सहाच्या सहा घंटा उतरवून ओतकारखान्यात नेलेल्या. मनोरा रिकामा. आयव्हीनं त्या दिवशी शाळेत मटण आणि सफरचंदाचा गोड पदार्थ केला होता. तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. केस पातळ झाले होते, अंगात भारी कोट होता.

"चौथी कशी आहे?" त्यानं विचारलं.

"बरी आहे. दुरुस्तीला गेलीय."

तो हसला. "माझंच नशीब. येईन परत, आयव्ही. ऐकायची राहिलीय."

"ये," ती म्हणाली. मागून कुणीतरी त्याला हाक मारली आणि तो गेला. ताटातलं गोड अर्धं टाकलेलं तिला परत आलेल्या थाळ्यांत दिसलं. कोणाचं ते ओळखता आलं नाही, तरी तिनं ते त्याचंच धरलं आणि वाईट वाटून घेतलं.

घंटा नव्या लोखंडी चौकटीत बसून परत आल्या. तो आला नाही. वर्षं कशी गेली हे शाळेतल्या पोरांच्या पोरांना वाढायला लागली तेव्हा तिला कळलं. गावानं तिचं आणि स्टॅनलीचं जमवायचा प्रयत्न करून बघितला, कारण दोघंही बिनलग्नाची आणि दोघंही चर्चच्या एकाच बाजूला राहणारी. पण स्टॅनली बोलायचा नाही आणि आयव्हीला न बोललेलं ऐकू यायचं नाही. शेवटी गाव कंटाळलं. आता अल्बन येत होता. ऐकायला म्हणून नाही, पण येत होता. म्हणून तिला शनिवारी दोर हवा होता आणि म्हणून ती त्या शिडीवर चढणार होती. त्यानं जिथं सांगितलं होतं तिथं, स्वतःच्या हातानं गादी बांधायची, आणि त्याला तिची घंटा ऐकवायची. दुसरं तिला आयुष्याकडून काही मागायचं नव्हतं.

शनिवारी सकाळी ती चढली. पर्सी पुढं, ती मागं, आणि स्टॅनली खाली शिडी धरून. कबुतरं फडफडली. पर्सी आपल्या पाच घंटांच्या मागं लागला. आयव्ही चौथीखाली रांगत गेली, लोळ्यावर हात फिरवला, खिडकीतून येणारा उजेड बघितला आणि त्या अंगाला गादी ठेवून पट्टा घट्ट ओढला. खांद्यातून कळ गेली. "झालं, अल्बन," ती हळूच म्हणाली, आणि पर्सीनं ऐकलं तरी ऐकलं नाही असं केलं. पर्सी मूर्ख होता, पण वाईट नव्हता.

खाली आल्यावर स्टॅनलीनं तिचा हात धरून तिला शेवटच्या पायरीवरून उतरवलं. "कुठल्या अंगाला बांधलीस?" त्यानं विचारलं.

"खिडकीकडच्या."

स्टॅनलीनं वर बघितलं, मग तिच्या हातांकडे बघितलं. ते काळे झाले होते. त्यानं खिशातला रुमाल काढून दिला. "पूस," तो म्हणाला. "दोर घसरेल."

दुपारी गाड्या आल्या, काळे कोट आले. थर्लोबाई उंच होत्या, सरळ चालत होत्या. लहानशी पेटी पाद्रीसाहेबांनी आत नेली. मनोऱ्याच्या खोलीत सहाजण दोरांशी उभे राहिले. प्रार्थना संपून लोक कबरींकडे निघाले तशी पहिलीवाल्या जिलियननं बापाकडे, म्हणजे पर्सीकडे, बघितलं आणि दोर ओढला.

मुठीची ओढ. एक, दोन, तीन, आणि मग नुसता धप्प असा दबलेला आवाज, मग पाच, मग म्हातारी. शेपटाची ओढ. पहिली विझलेली, दुसरी विझलेली, तिसरी विझलेली, आणि त्यांच्या मधून चौथी स्वच्छ, मोठ्यानं, नाकात बोलल्यासारखी, एकटी वाजली. मग पाचवी आणि म्हातारी पुन्हा दबलेल्या.

गादी उलट्या अंगाला बांधली गेली होती.

घंटावाल्यांच्या हातून होऊ शकणारी याहून मोठी चूक नाही. सगळ्यांनी ती ऐकली. पर्सीचं तोंड उघडं पडलं. अशा वेळी कप्तानानं 'थांबा' म्हणायचं असतं. मग सगळे दोर थांबतात, कुणीतरी वर जाऊन चूक सुधारतं आणि पुन्हा सुरुवात होते. सगळे स्टॅनलीकडे बघत होते. आयव्हीनंही बघितलं. लंडनची माणसं बाहेर उभी. अल्बन मातीत उतरतोय. आणि तिनं वाट लावली.

स्टॅनली आयव्हीच्या हातांकडे बघत होता. त्याची पाळी आली, त्यानं दोर ओढला. पुन्हा आली, पुन्हा ओढला. तो 'थांबा' म्हणाला नाही.

मग आयव्हीलाही ऐकू यायला लागलं. सगळ्या मोठ्यानं बोलल्या की तिची गप्प. सगळ्या गप्प झाल्या की तिची एकटी. ओळीमागून ओळ, गावावरून, बिटाच्या शेतांवरून, त्या लहानशा पेटीवरून. तिची घंटा इतकी स्पष्ट कुणी कधीच ऐकली नसेल. खांदा फाटत होता आणि ती ओढत होती. ऐक, ती मनात म्हणत होती. ही माझी. ही नेडची नाही, ही माझी. ऐक की रे एकदा.

नंतर चर्चच्या आवारात हॅमचे सँडविच आणि चहा होता. लंडनचा एक चष्मेवाला गृहस्थ स्टॅनलीला गाठून म्हणाला, "ती एकच मोकळी घंटा! काय कल्पना आहे हो. ही कुणाची?"

"आमच्याकडची जुनी रीत आहे," स्टॅनली म्हणाला. पर्सीला चहाचा ठसका लागला.

थर्लोबाई आयव्हीजवळ आल्या. "तुम्ही कुठली वाजवता?"

"चौथी, बाईसाहेब."

थर्लोबाईंनी हातातला चहा संपवला. "अल्बन नेहमी म्हणायचे, गावी जाऊन घंटा ऐकायच्यात. मी म्हणायची, चला की. मग दरवर्षी काहीतरी निघायचं. आणि शेवटची काही वर्षं तर त्यांना ऐकूच येत नव्हतं. अगदी काहीच नाही. तुम्हाला माहीत असेल."

"नाही," आयव्ही म्हणाली. "माहीत नव्हतं." तिनं बाईंच्या हातातला रिकामा कप घेतला, कारण घ्यायला दुसरं काही नव्हतं.

सगळे गेल्यावर ती दोर गुंडाळायला म्हणून मनोऱ्यात गेली. स्टॅनली आधीच तिथं होता. पाच दोर गुंडाळून खुंटीला लावले होते, चौथा तेवढा तिच्यासाठी ठेवला होता. तो बाकावर बसलेला.

"मी वाट लावली, स्टॅन."

"उलटी बांधलीस."

"खिडकीकडच्या अंगाला. त्यानं तसंच सांगितलं होतं."

"तेव्हा बरोबर होतं ते. पंचावन्नला नवी चौकट आली तेव्हा चौथी फिरवून बसवली. मीच होतो वर, बसवायला."

आयव्ही दोर हातात घेऊन उभी राहिली. सकाळचं बोलणं तिला आत्ता कुठं कळत होतं.

"तू मला विचारलंस. कुठल्या अंगाला म्हणून."

"विचारलं."

"मी सांगितलं, खिडकीकडच्या. तेव्हाच तुला कळलं."

"कळलं."

"मग बोलला का नाहीस?"

स्टॅनलीनं टोपी काढली, आत बघितलं, परत घातली. "तीस वर्षं बघतोय, घंटा थांबली की तू सगळ्यांच्या आधी जिना उतरतेस," तो म्हणाला. "म्हटलं, एकदा नीट ऐकू जाऊ दे त्याला."

"त्याला ऐकू येत नव्हतं, स्टॅन. त्याची बायको सांगत होती. कितीतरी वर्षं."

"असं होय," स्टॅनली म्हणाला. त्यानं गुडघ्यावरची धूळ झटकली. "मला आलं."

आयव्हीनं दोराचा वेढा घातला, मग दुसरा. हातांवर अजून थोडं काळं राहिलं होतं. पाचवा दोर खुंटीवर नीट बसलेला होता आणि त्याच्या शेजारी म्हातारीचा, जाडजूड, ज्याला या माणसानं भर तारुण्यात हात लावायचं सोडलं होतं. पाचव्यानं चौथ्याच्या हातांकडे बघायचं असतं, हे तिला कायमच माहीत होतं. बघणारा कोण, हे तिनं कधी वळून बघितलं नव्हतं.

"स्टॅन," ती म्हणाली, "तू म्हातारी का सोडलीस रे?"

"पाठ दुखत होती."

तिनं दोर खुंटीला लावला आणि त्याच्याकडे तोंड केलं.

"अजून दुखते?"

"रोज," स्टॅनली म्हणाला.